रोल मिळतो का अजून याला?

वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये आणि मेलमध्ये निम्मे प्रश्न एकाच कॅमेऱ्याचे आहेत, निकॉन झेडएफ, म्हणजे दिसायला जुन्या रोलच्या कॅमेऱ्यासारखा पण आतून डिजिटल. म्हणून म्हटलं या अंकात ट्रायपॉड, ड्रोन, मोबाईल सगळं बाजूला ठेवू आणि याच्याबद्दल काय ते एकदाच बोलून टाकू. आधीच सांगतो, हा कॅमेरा माझा नाही. एक मित्र बाहेरदेशी गेला होता तेव्हा तीन महिने माझ्याकडे होता, त्या जोरावर बोलतोय. कंपनीने काही दिलेलं नाही, आणि मित्राने तर परत आल्याबरोबर स्टेशनवरच कॅमेरा मागून घेतला.

सर, आमच्या वडिलांकडे निकॉनचा एफएम२ होता, गावातली निम्मी लग्नं त्याच्यावर झालीत. आता तो कपाटात आहे. परवा दुकानात झेडएफ हातात घेतला आणि काय सांगू, सेम टू सेम! नुसती बॉडी पावणेदोन लाखाच्या आसपास सांगतोय. बायको म्हणते आठवणीसाठी एवढे पैसे? नाद करावा का नको, तुम्हीच सांगा. – एक वाचक, कोल्हापूर

वहिनींचा प्रश्न तुमच्यापेक्षा जास्त मुद्द्याचा आहे हे आधी मान्य करा.

सेम टू सेम म्हणताय ते फक्त वरच्या पत्र्यापुरतं. एफएम२ आला १९८२ मध्ये, सगळा मेकॅनिकल, त्यातले दोन बटणसेल फक्त लाइट मीटरसाठी, सेल संपले तरी शटर १/४००० पर्यंत खाडखाड चालायचं. तुमच्या वडिलांनी कितीतरी लग्नं मीटरकडे न बघता अंदाजावर काढली असतील. झेडएफ आला सप्टेंबर २०२३ मध्ये आणि त्याची बॅटरी काढली की उरतो तो पेपरवेट, तोही चांगला जड, कारण एफएम२ची बॉडी ५४० ग्रॅम आणि हा बॅटरी-कार्डासकट ७१० ग्रॅम. दुकानात पाच मिनिटं धरला तेव्हा हे कळलं नसणार. रंकाळ्याला एक फेरी मारा गळ्यात घालून, मग कळेल.

आत जे आहे ते मात्र एकदम आजचं आहे आणि माझ्या मते या कॅमेऱ्याची खरी ताकद तीच. २४.५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर तसा ओळखीचा, आधीच्या झेड६-टूच्या घरातलाच, पण प्रोसेसर एक्सपीड ७ म्हणजे निकॉनच्या वरच्या झेड९ आणि झेड८ला जो आहे तो. त्यामुळे फोकस माणसाच्या डोळ्यावर जाऊन बसतो तो हलतच नाही. कुत्रं, मांजर, पक्षी, गाडी, सायकल, आगगाडी, विमान सगळं ओळखतो. आणि सेन्सर हलवून हाताची थरथर खाणारी सिस्टीम आहे ती कंपनीच्या मोजणीत ८ स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची पायरी), कंपनीचे आकडे थोडे वाढीवच असतात, पण मी ४० एमएमच्या लेन्सवर अर्ध्या सेकंदाचे फोटो कठड्याला टेकून न थरथरता काढलेत, रात्री, ट्रायपॉडशिवाय. वडिलांच्या एफएम२वर हे करायचं तर श्वास रोखून देवाचं नाव घ्यावं लागायचं.

आता जे नाही ते. एफएम२ डोळ्यासमोर आणा. उजव्या हाताला वर शटरची चकती, त्यातच एएसएची म्हणजे आजच्या आयएसओची खिडकी, आणि डावा हात कुठे? लेन्सवर. ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणारं भोक लहान-मोठं करायची रिंग, कट कट कट, ५.६, ८, ११. बोटांना पाठ असायचं. झेडएफवर डाव्या हाताला हे कामच नाही. ॲपर्चर पुढच्या चाकाने फिरवायचं आणि वरच्या एका इवल्याशा खिडकीत आकडा बघायचा. त्याच्यासोबत विकतात त्या २८ आणि ४० एमएमच्या एसई लेन्स दिसायला निकॉनच्या जुन्या हाताने फोकस करायच्या लेन्ससारख्या, छान खाचा पाडलेल्या, पण ॲपर्चर रिंग नाही. एकच रिंग आहे, ती मेनूतून ॲपर्चरला जोडता येते, पण तिच्यावर आकडे नाहीत, कट वाजत नाही, नुसती तुपात फिरवल्यासारखी फिरते. मला विचाराल तर या कॅमेऱ्यातली सगळ्यात मोठी खोट हीच. पितळेच्या चकत्या केल्या, चामड्यासारखं आवरण केलं, नावाची अक्षरंसुद्धा जुन्या वळणाची केली, आणि ज्याच्यामुळे जुना कॅमेरा दोन हातांनी वाजवायचं वाद्य वाटायचा तेच गाळलं.

म्हणून करायचं काय, तर कपाटातला एफएम२ काढा, त्यात एक ब्लॅक अँड व्हाईट रोल घाला, धुवायला टाका, स्कॅन करून घ्या. ३६ फोटो. ते करून जीव शांत झाला तर पावणेदोन लाख वाचले. आणि रोल संपल्यावर चुळबुळ व्हायला लागली, रोज काढावंसं वाटायला लागलं, मग झेडएफ घ्या, पण मग तो वडिलांच्या आठवणीसाठी नाही, तुमच्या स्वतःच्या फोटोंसाठी. वहिनींना तसंच सांगा. ऐकतील याची गॅरंटी माझी नाही.

दादा, मी दोन महिन्यांपूर्वी झेडएफ घेतला, पण डायल आणि कॅमेरा यांचं जमत नाहीये. डायलवर १/१२५ ठेवलंय, फोटो बघितला तर १/१०००. आयएसओ ४०० ठेवलं, फोटोत ३२००. कॅमेरा खराब आहे का? – एक वाचक, डोंबिवली

कॅमेरा खराब नाही. कॅमेरा खोटं बोलतोय. म्हणजे चकती बोलतेय.

झालंय असं की या एकाच डोक्यावर दोन पद्धती बसवल्यात. डावीकडे आयएसओच्या चकतीखाली एक खटका आहे बघा, ऑटो, पी, एस, ए, एम, म्हणजे किती कॅमेऱ्याने ठरवायचं आणि किती तुम्ही; एम म्हणजे सगळं तुम्ही. तो जर ए वर असेल तर शटर कॅमेरा ठरवणार, मग चकतीवर तुम्ही १/१२५ ठेवा नाहीतर १/८००० ठेवा, ती चकती त्या वेळी नुसती शोभेची. फिरते, कट वाजते, होत काही नाही. आयएसओचं त्याहून गंमतशीर, चकतीवर ऑटोची खूणच नाहीये, ऑटो आयएसओ मेनूत जाऊन चालू करायचं, आणि ते चालू असलं की चकती ४०० म्हणत राहते आणि कॅमेरा अंधार बघून ३२०० वर जातो. म्हणजे तुमच्यासमोर लिहिलंय एक आणि चाललंय दुसरं. सरकारी कचेरीतल्या पाटीसारखं.

फुजीवाल्यांनी हे डोकं चालवून सोडवलंय, एक्स-टी५ घ्या नाहीतर एक्स१००-सिक्स घ्या, पी-ए-एस-एम असला खटकाच नाही. प्रत्येक चकतीवर आणि लेन्सच्या रिंगवर ए आहे. जे ए वर ठेवाल ते कॅमेरा बघेल, बाकी तुम्ही. शाळेतल्या पोराला पाच मिनिटांत समजतं.

तुमच्यासाठी माझा उपाय सांगतो, मी तीन महिने असाच वापरला. खटका एम वर ठेवायचा आणि तिथेच विसरून जायचं. शटर चकतीने, ॲपर्चर पुढच्या चाकाने, आयएसओची चकती सी वर (म्हणजे आकडा चकतीवरून नाही, चाकाने किंवा मेनूतून) आणि मेनूत ऑटो आयएसओ चालू, वरची मर्यादा ६४०० वगैरे तुमच्या सोयीने. मग शटरची चकती नेहमी खरं बोलते आणि आयएसओचा आकडा व्ह्यूफाइंडरमध्ये खाली दिसतोच. शटरच्या चकतीवर पूर्ण स्टॉपच आहेत, मधले १/१६०, १/२०० हवे असतील तर ती १/३ स्टेपवर ठेवून चाकाने फिरवायचं, पण खरं सांगू का, मधल्या आकड्यांची गरज क्वचित पडते.

अजून एक सोपा मार्ग म्हणजे सगळ्या चकत्या सी आणि १/३ वर टाकून साध्या निकॉनसारखा चाकांवर वापरणं. बरेच जण शेवटी तिथेच पोचतात. पण मग चकत्यांचे पैसे कशाला दिले?

हो, आणि उजवीकडच्या एक्सपोजर कॉम्पेन्सेशनच्या (फोटो उजळ-गडद करायच्या) चकतीला लॉक नसतं, बॅगेतून काढताना बघत जा. माझ्या स्वतःच्या एका दुसऱ्याच डायलवाल्या कॅमेऱ्यावर (नाव नको) ती चकती घासून उणे दोनवर गेली होती आणि गावच्या जत्रेतली अख्खी सकाळ मी काळीकुट्ट काढून आणली. चूक माझीच, समोर चकतीवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. तेव्हापासून कॅमेरा हातात घेतला की आधी वरून बघायचं ही सवय लागली, आणि डायलचा खरा फायदा मला तेव्हा समजला. कॅमेरा बंद असतानासुद्धा तो काय करणार आहे हे दिसतं. लोकलमधून उतरताना, डोळ्याला न लावता, चालू न करता, बोटाने १/५०० करून ठेवता येतं. चकत्या नसलेल्या कॅमेऱ्यात हे आधी चालू करून, डोळ्याला लावून करावं लागतं. छोटी गोष्ट आहे, पण फलाटावर तीन सेकंद खूप असतात.

झेड एफसी अर्ध्या किमतीत मिळतोय, दिसतो तसाच. तो घेतला तर चालेल का? – एक वाचक, लातूर

चालेल की. तो २०२१चा, छोट्या म्हणजे डीएक्स सेन्सरचा, २०.९ मेगापिक्सेल, बॅटरी-कार्डासकट ४४५ ग्रॅम, गळ्यात असल्याचं कळतसुद्धा नाही. हाताची थरथर खाणारी सिस्टीम बॉडीत नाही, कार्डाची जागा एकच. घरचे, प्रवासाचे, सणावाराचे फोटो असतील तर उरलेल्या पैशात लेन्स घ्या. अंधारात जास्त काम असेल तर नको.

काका, मी फोटोग्राफी शिकतेय, मला फक्त ब्लॅक अँड व्हाईट स्ट्रीट करायचंय. झेडएफला म्हणे त्यासाठी वेगळं बटण आहे. ते खरंच उपयोगाचं आहे का नुसतं मार्केटिंग? बाबा म्हणतात फोनमध्ये पण होतं की. – एक वाचक, पुणे

बाबा चूक नाहीत. फोनमध्ये होतं, तुझ्या आत्ताच्या कुठल्याही मिररलेसमध्ये मेनूत जाऊन होतं. तरी पण हे बटण, बटण नाही खटका आहे शटरच्या चकतीखाली, फोटो, बी अँड डब्ल्यू आणि व्हिडिओ असा तीन घरांचा, तो मला या अख्ख्या कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त आवडला.

कारण सांगतो. खटका सरकवला की व्ह्यूफाइंडरमधलं अख्खं जग त्या क्षणी ब्लॅक अँड व्हाईट होतं. आम्ही रोलवर शिकलो तेव्हा लाल साडी आणि हिरवी भिंत शेजारी असली की डोळ्याला केवढा फरक दिसायचा, आणि धुवून आल्यावर दोन्ही सारख्याच करड्या, सगळा चिखल. डोक्यात रंग काढून टाकायला वर्षं लागायची. इथे कॅमेरा ते काम आधीच करून दाखवतो. मंडईत मी दोन रविवार सकाळी नुसता हा खटका पुढे-मागे करत फिरलो, टोमॅटोचा ढीग रंगात भारी आणि ब्लॅक अँड व्हाईटमध्ये काहीच नाही, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या आजींच्या हाताच्या सुरकुत्या, ज्या रंगात टोमॅटोपुढे दिसतच नव्हत्या, त्या एकदम पुढे आल्या.

तीन तऱ्हा आहेत, साधा मोनोक्रोम, फ्लॅट आणि डीप टोन. डीप टोनमध्ये आकाश गडद होतं, जुने लोक लेन्सवर लाल फिल्टर लावायचे त्या जातीचं. दुपारच्या कडक उन्हात मजा येते, माणसांच्या चेहऱ्यावर जपून. फ्लॅट नंतर कॉम्प्युटरवर काम करायचं असेल तर. आणि रॉ फाइल चालू ठेवायला विसरू नकोस, रॉमध्ये रंग शाबूत राहतात, नुसतं जेपेग काढलंस तर गेले ते गेले. तू म्हणशील मला रंग नकोच आहेत. विशीत सगळे असंच म्हणतात.

वारीला जाणार असशील तर एक, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, आणि मध्येच उघडीप झाली की ते पांढरं सगळं उडून जातं, आकाशासकट. एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेव.

स्ट्रीटसाठी अजून एक फायदा आहे जो कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. लोक घाबरत नाहीत. मोठा काळा कॅमेरा काढला की मंडईत विचारतात, कुठल्या चॅनलचे? हा काढला तर एका भाजीवाल्या काकांनी तराजू खाली ठेवला, चष्मा वर केला आणि मला म्हणाले, "रोल मिळतो का अजून याला?" मी म्हटलं मिळतो. खोटं बोललो, पण मग त्यांनी स्वतःहून टोपी नीट केली आणि पुढची दहा मिनिटं मला त्यांच्या जुन्या याशिका कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली. फोटो बरा आला. गोष्ट जास्त चांगली होती.

पावणेदोन लाख मात्र शिकणाऱ्या पोरीने खटक्यासाठी घालू नयेत. आत्ता जो कॅमेरा असेल त्याच्यात मोनोक्रोम लाव आणि सहा महिने बदलू नकोस. नंतर लिही मला.

भाऊ, मी लग्नाचं काम करतो, सीझनला महिन्यात बारा-पंधरा दिवस. इकडे सगळे झेडएफ घेऊन राहिले, क्लायंटवर इम्प्रेशन पडते म्हणतात. मेन कॅमेरा म्हणून जमंल का? – एक वाचक, नागपूर

मेन म्हणून नको, भाऊ. दुसरा म्हणून फर्स्टक्लास.

तुम्हाला कार्ड दोन लागतात, बरोबर? नवरी परत उभी राहणार नाही हार घालायला. झेडएफला दोन जागा आहेत, पण एक नेहमीच्या एसडीची आणि दुसरी मायक्रो एसडीची. हो, फोनमधलं नखाएवढं कार्ड. आणि दोन्ही खाली, बॅटरीच्या दाराआड, म्हणजे ट्रायपॉडची प्लेट लावलेली असेल तर आधी ती काढा, मग दार उघडा, मग वरातीच्या बँडच्या आवाजात, घामेजल्या बोटांनी ते नख ओढून काढा. पडलं तर गालिच्यावर शोधत बसा. मायक्रोची जागा हळू चालणारी यूएचएस-वन आहे, दोन्हीकडे रॉ लिहायला लावलं तर सगळा कॅमेरा हळू कार्डाच्या पावलांनी चालतो. वापरायचाच असेल तर एसडीवर रॉ आणि मायक्रोवर जेपेग, आणि मायक्रो मोठं घेऊन सीझनभर आतच ठेवायचं, बाहेर काढायचं नाही.

दुसरं, पकड. पुढे धरायला एक बारीकसा उंचवटा आहे, बस. ४० एमएम लावली तर काही नाही, २४-७० एफ/२.८ लावली की ती एकटी ८०५ ग्रॅम, ७०-२०० एफ/२.८ लावली की १३६० ग्रॅम, आणि मग सगळं वजन उजव्या हाताच्या तीन बोटांच्या पेरांवर. संगीत, हळद, लग्न, रिसेप्शन करून तिसऱ्या दिवशी मनगट बोलायला लागतं. बाहेरून लावायची ग्रिप मिळते, ती लावलीच पाहिजे, पण मग ते जुनं देखणं रूप अर्धं गेलं. फोकस पॉइंट सरकवायला जॉयस्टिक नाही, मागच्या चौकोनी बटणाने नाहीतर स्क्रीनवर अंगठ्याने. बॅटरी प्रमाणित मोजणीत ३६० फोटोंच्या आसपास, प्रत्यक्षात जास्त जाते, तरी तीन लागतील. चांगली गोष्ट ही की बॅटरी ईएन-ईएल१५ घराण्यातलीच आहे, तुमच्या जुन्या निकॉनच्या पडल्या असतील तर चालून जातील, फक्त अगदी जुन्या असतील तर त्या कॅमेऱ्यात यूएसबीने चार्ज होणार नाहीत. व्हिडिओला फोर-के ६० फ्रेमला चित्र कापलं जातं, ३० ला नाही.

फ्लॅशचा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारं सगळ्यात जलद शटर, १/२००. गंमत बघा, १९८२च्या एफएम२चा पण १/२००च होता, इतकंही जुनं करायला नको होतं.

याच पैशात थोडी भर घालून झेड६-थ्री बघा, जून २०२४ला आला, पकड आहे, जॉयस्टिक आहे, कार्डाच्या दोन्ही जागा कामाच्या आहेत, फोर-के ६० पूर्ण रुंदीचं. आणि इम्प्रेशनचं म्हणाल तर झेडएफवर ४० एमएम लावून नवरीच्या खोलीत, जेवणाच्या पंगतीत फिरा, तिथे तो कॅमेरा खरंच जादू करतो. मेन कॅमेरा बघून जी मावशी पदर सारखा करत तोंड फिरवते तीच याच्याकडे बघून हसते.

मी निवृत्त शिक्षक आहे, वय ६८, जाड चष्मा आहे आणि बोटांचे सांधे थोडे धरतात. तरुणपणी मॅन्युअल कॅमेरा वापरलेला असल्याने हा कॅमेरा मला सोपा जाईल असे मुलगा म्हणतो. आपले मत? – एक वाचक, नाशिक

सर, मुलाचा हेतू चांगला आहे, पण मी वेगळं सांगणार आहे.

चकत्यांवरचे आकडे बारीक आहेत आणि त्यांना उजेड नाही. दिवसा ठीक, पण संध्याकाळी गोदाघाटावर दिवे लागणीला तुम्ही चकती डोळ्याजवळ नेऊन बघाल आणि शेवटी स्क्रीनवरच आकडा वाचाल. बारीक पकडीने सांध्यांना त्रास होईल. व्ह्यूफाइंडर मोठा दिसतो आणि चष्म्याचा नंबर जुळवायची सोय आहे, तेवढं चांगलं.

निकॉनचाच झेड५-टू म्हणून कॅमेरा आहे, एप्रिल २०२५ मध्ये आला. झेडएफच्या पोटातलं यंत्र जवळजवळ तेच, तोच २४.५ मेगापिक्सेलचा सेन्सर, तोच प्रोसेसर, फक्त अंगरखा साधा. पकड भरपूर, दोन्ही कार्डं नेहमीच्या आकाराची, आणि स्वस्त. दिसायला काही खास नाही. फोटो सारखेच येतील. दुकानात दोन्ही हातात घ्या, दहा मिनिटं उभं राहून, बसून नाही.

आमच्याकडे झेडएफ घ्यायचा की फुजीचा एक्स१००-सिक्स यावर नवरा-बायकोत वाद चाललाय. दोघांनाही दिसायला जुनाच हवा. लहान मुलगी आहे, फिरणं भरपूर. – एक वाचक, फोंडा

वाद कोण जिंकायला हवं ते कळवलं असतं तर बरं झालं असतं.

एक्स१००-सिक्स, फेब्रुवारी २०२४ला आलेला, ४० मेगापिक्सेलचा, ५२१ ग्रॅम लेन्ससकट. लेन्स एकच, २३ एमएम एफ/२, फुल फ्रेमच्या हिशोबात ३५, आणि ती निघत नाही. झूम म्हणजे तुमचे पाय. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेतून मुलगी काढायची असेल तर विसरा. पण ॲपर्चरची रिंग लेन्सवर आहे, शटर वर आहे, आयएसओ त्याच चकतीच्या खिडकीत, म्हणजे वर कोल्हापूरच्या वाचकांना जे म्हणालो ते सगळं इथे जागच्या जागी आहे. शटर लेन्सच्या आतलं असल्याने आवाज येतच नाही म्हटलं तरी चालेल, झोपलेलं मूल उठत नाही. उन्हासाठी आत ४ स्टॉपचा एनडी फिल्टर आहे, लेन्सचा गॉगलच म्हणा, समुद्रावर भर दुपारी एफ/२ वर काढता येतं. रंग फिल्मसारखे तयार मिळतात, कॉम्प्युटरवर बसायला नको.

धावत्या मुलीवर फोकस मात्र झेडएफचा जास्त भरवशाचा. घरात ट्यूबलाइटखाली पण झेडएफ पुढे. आणि उद्या लेन्स बदलायची झाली तर बदलता येते.

पावसाचं बघा कारण तुमच्याकडे ते महत्त्वाचं. झेडएफची बॉडी शिंतोडे सोसते, पण ती ४० एमएमची छोटी लेन्स जिथे बॉडीला बसते तिथे रबराची कडी नाही, माउंटही प्लॅस्टिकचा. फुजीला पुढे वेगळी रिंग आणि फिल्टर लावला तरच पाण्यापासून बचाव. दोन्ही कॅमेरे गोव्यातल्या जुलैमध्ये छत्रीखालीच. बाहेर फिरणं जास्त असेल तर मी फुजी म्हणेन, घरातले फोटो जास्त असतील तर निकॉन. आता ठरवा भांडून.

आजोबांच्या निकॉनच्या जुन्या लेन्स सापडल्या, ५० एफ/१.८, १०५ एफ/२.५ आणि एक ८५ एएफ-डी. एकात कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. झेडएफवर या चालतील का? – एक वाचक, रत्नागिरी

चालतील, आणि या प्रश्नाची मी वाटच बघत होतो, कारण माझ्या मते झेडएफ घ्यायचं सगळ्यात चांगलं कारण हेच.

जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर, नव्या झेड माउंटमध्ये १६. मधले साडेतीस भरून काढायला एफटीझेड नावाचं अडॅप्टर घ्यावं लागतं, म्हणजे लेन्सच्या मागे एक नळकांडं. त्यात काच नसते, चित्र बिघडत नाही. ५० आणि १०५ हाताने फोकस करायच्या, आणि बघा, ॲपर्चर रिंग आली! कट कट परत आली. ८५ एएफ-डी सुद्धा हातानेच, कारण ती फिरवायला जुन्या बॉडीत स्क्रू मोटर असायची, ती या अडॅप्टरमध्ये नाही. लोक इथे फसतात, नावात एएफ बघून घेतात.

मेनूत नॉन-सीपीयू (म्हणजे चिप नसलेली) लेन्स म्हणून ५० आणि १०५चा एमएम आणि मोठ्यात मोठं ॲपर्चर भरून ठेवा, मग बॉडीतली थरथर खाणारी सिस्टीम त्या लेन्सला बरोबर साथ देते. आजोबांच्या १०५ला जन्मात कधी हे मिळालं नव्हतं. त्याहून भारी म्हणजे झेडएफ मॅन्युअल लेन्सवरसुद्धा चेहरा नि डोळा ओळखतो, फोकस करत नाही, पण मोठं करायचं बटण दाबलं की थेट त्या डोळ्यावरच जाऊन मोठं दाखवतो, तुम्ही रिंग फिरवून पापणी स्पष्ट करायची. १०५ एफ/२.५वर माणसांचे फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आधी. मी मित्राला कॅमेरा परत दिला त्याच्या आदल्या दिवशी माझ्या आईचा असा एक काढला, खिडकीच्या उजेडात, ती शेंगा सोलत होती. तो कॅमेरा गेला याचं मला फक्त तेवढ्या एका फोटोमुळे वाईट वाटतं.

आता ते जाळं. ती बुरशी आहे, कोकणातल्या लेन्सला नाही आली तर नवल. जाळं आलेली लेन्स बाकीच्यांपासून आजच वेगळी करा, त्याच बॅगेत ठेवू नका. कडेला थोडंसं असेल तर फोटोत फारसं दिसत नाही, समोरून ऊन आलं की धुरकट होतं. साफ होते, लेन्स उघडणारा जाणता माणूस हवा, घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. ५० असेल तर साफ करायच्या पैशात दुसरी जुनी येईल, १०५ असेल तर खर्च करा.

चामड्याची जुनी पेटी फेकून द्या, दमट हवेत बुरशीला तीच आवडते. रबरी कडीचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दीडशे-दोनशेचं आर्द्रता दाखवणारं काट्याचं घड्याळ, काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की भरलं समजायचं, गरम करून परत निळं होतं, पण त्यात कोबाल्ट असतं, तेव्हा घावनाच्या तव्यावर नको. त्यासाठी एक जुनं भांडं वेगळं काढून ठेवा आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर घरातलं कोणीतरी त्यात दूध तापवेल.